तर्जनी

साकीनाक्याला पॉवर प्रेसखाली
माझ्या उजव्या तर्जनीची दोन पेरं गेली
तेव्हा शर्विल जन्मायचा होता.
भरपाईच्या पैशात फ्रीज घेतला.
बोट पुढे कुणाला लागणार होतं
हे तेव्हा कुठे ठाऊक.

आता तो साडेपाच वर्षांचा.
त्याला ऐकू येत नाही, आणि तो दिवसभर बोलतो.
बोलण्याच्या नादात ताटातला भात सांडतो.
मी आणि दर्शना मोबाइलवर बघून शिकलो,
कुकर होईपर्यंत रोज चार शब्द.
मी शिकलो ते त्याला दिलं.

पहिली शाळा घरापासून सात मिनिटांवर.
दर्शनाचा भाचा तिथेच आहे.
मुख्याध्यापिका चांगल्या होत्या, चहा मागवला.
म्हणाल्या, पहिल्या बाकावर बसवू,
ओठांकडे बघून शिकेल,
फक्त ते हातवारे तेवढे घरी ठेवा.
शर्विल तेव्हा त्यांना सांगत होता
की भिंतीवरच्या घड्याळाचा काटा अडकलाय.
मी त्यांना ते सांगितलं नाही.
चहा संपवला.

दुसरी भायखळ्याला.
शीवला बस बदलायची, वर दहा मिनिटं चाल.
तीही सातवीपर्यंतच.
आईने फोनवर हिशेब मांडला:
एवढ्या लांब, आणि तिथे गेला तर पोर बोलणार कधी?
दर्शनाने फोन घेतला.
म्हणाली, बोलतोय हो तो, आई.
मग दोघी बराच वेळ गप्प होत्या.

तिथल्या जिन्यात मधली सुट्टी सुटली होती.
असा गोंगाट मी कारखान्यातही बघितला नाही.
बघितलाच म्हणतोय मी.
कुणी खालच्या पायरीवरून
तिसऱ्या मजल्यावरच्याशी भांडतंय,
कुणी डबा धरून उरलेल्या एका हाताने चहाडी सांगतंय.
मला दहातलं एक कळलं.
दर्शनाने माझी बाही धरली,
परमुलखातल्या स्टँडवर धरावी तशी.

फातर्पेकर बाईंनाही ऐकू येत नाही.
त्यांनी शर्विलला विचारलं, इथे येशील?
तो बोलला. त्या थांबल्या.
पुन्हा सांग, म्हणाल्या.
तो पुन्हा बोलला, अगदी तसंच,
तर्जनी दुमडून, दोन पेरं आत लपवून.
'मी' म्हणताना, 'तिकडे' म्हणताना,
जिथे जिथे बोट सरळ हवं तिथे अर्धं.

एक मुलगी हसली. तस्निम, नंतर कळलं.
बाईंची नजर माझ्या हातावर आली.
मी तो खिशात घातला.
मग लक्षात आलं,
या खोलीत त्याचा अर्थ तोंड मिटणं होतो.
बाहेर काढला.

इतकी वर्षं पोर माझं बोबडं बोलत होतं
आणि आम्हा दोघांना ते शुद्ध वाटत होतं.

बाईंनी त्याचं बोट हलकेच सरळ केलं,
पेन्सिल धरायला शिकवतात तसं.
त्याने ते बघितलं. माझ्याकडे बघितलं.
परत दुमडलं.

दोन्ही फॉर्म फ्रीजवर आहेत,
पडू नयेत म्हणून वर मिठाची बरणी.
एकात मातृभाषेचा रकाना
दर्शनाने मोकळा सोडलाय.
शुक्रवारपर्यंत मुदत.

दिवा घालवला की त्याचं बोलणं बंद,
म्हणून तो दिवा घालवू देत नाही.
आज अंथरुणात उठून बसला.
बाबा, ती मुलगी बोट असं करते,
म्हणाला, आणि सरळ तर्जनी
माझ्या नाकासमोर धरली.
मग माझा हात ओढला
आणि जिथे माझं बोट संपतं
तिथे आपलं लावून बघितलं.

जरा लांबच झालं.