लव कुठल्या दिशेला

मस्कतच्या अझैब्यात, दुपारी दोनला,
थुरैयाबाईंनी सहाही नमुने पूलच्या कडेला मांडायला लावले
आणि चप्पल काढली.
पहिल्यावर पाय टेकवला, उचलला.
दुसऱ्यावर नुसता अंगठा.
मी मिलिमीटर सांगत होतो, पंचवीस, पस्तीस, चाळीस,
त्या ऐकत नव्हत्या.
चौथ्यावर उभ्या राहिल्या. सात मोजेपर्यंत.
"यात हे पिवळं काय?"
वाळलेली पाती, म्हटलं. मुद्दाम विणतात.
सगळंच हिरवं असलं की डोळ्याला खोटं कळतं.
"म्हणजे मेलेलं गवतही विकत?"
त्याच दरात, बाई.

मंगळवारी तेकबहादूरने फरशी उखडली.
खडी, कच, वर बादलीभर पाणी ओतून उतार पाहिला.
सांधा असा चिकटवला
की नंतर त्याचा त्यालाच सापडेना.
लव घराकडे वळवली,
खिडकीतून पातं दिसावं, मूळ नाही.
मूळ नाहीच म्हणा. तरी.

रोल चार मीटरचा,
भिंतीशी वीतभर माती उघडी राहिली.
तुकडा आणतो शनिवारी, म्हटलं.

बिलावर सही होत होती
तेवढ्यात एक हुदहुद उतरला,
तुरा मिटून चोच खुपसली
नेमकी सांध्यावर.
पुन्हा. जरा सरकून पुन्हा.
तेकबहादूर गुडघ्यावरचे खडीचे वळ चोळत बघत राहिला.
मीही.

थुरैयाबाईंनी नळी ओढली
आणि भिंतीकडच्या त्या वीतभर मातीवर
पाणी सोडलं, बराच वेळ.

तुकडा बिलातून काढा, म्हणाल्या.