मीटर वाचणारी

डिचोलीच्या वाचनालयात
तुमचं पुस्तक कुठल्या फळीवर ठेवायचं
हे दामूबाबला अजून ठरवता आलेलं नाही.
रहस्यकथांत ठेवावं, तर इन्स्पेक्टर
सत्ताविसाव्या पानावर खून विसरतो
आणि खतखत्यात तिरफळं किती, यावरून
मयताच्या बायकोशी वाद घालत बसतो.
हरतोही.
भुताखेतांत ठेवावं, तर भूत
मामलेदार कचेरीत रांगेत उभं,
एक-चौदाच्या उताऱ्यावर
आपलं नाव राहिलंय का बघायला.

लोक म्हणतात, ना शेंडा ना बुडखा.
मी म्हणते, दोन्ही आहेत,
मधलं झाड तेवढं नदीपलीकडे.

पर्येकरबाई, आमच्या मागच्या खाणीत
बंद पडल्यापासून नुसतं पाणी.
तुम्ही लिहिलंत, रात्री त्या पाण्याखालून
ट्रक वर येतात, भरलेले, दिवे लावून,
आणि पुलापाशी पोचले की
ड्रायव्हर घरच्या नावाने हाका मारतात.
तेव्हापासून त्या बाजूची खिडकी
मी लावत नाही.
भाऊ टिप्परवर होता माझा.

मंगळवारी तुम्ही आमच्याकडे आलात,
वीज खात्याची पिशवी, उन्हाने लाल झालेलं नाक.
मी ओळख दिली नाही.
आकडा लिहून झाला तरी तुम्ही
जुन्या मीटरच्या चाकाकडे बघत राहिलात,
आत माझा भात करपेपर्यंत.

बिल नेहमीएवढंच आलं.
तरी मी ते दोनदा वाचलं.