हंगामाचा रविवार

दर्यापूरच्या बाजारात दिवाळीचे कंदील
अजून पुरते उतरले नाहीत,
त्यांच्याच खिळ्यांना परवापासून
नाताळच्या चांदण्या लटकल्या.
शंभराला एक, दीडशेला दोन.
दुकानापुढे पांढऱ्या दाढीचा बाहुला,
बटन दाबलं की कमरेतून हलतो.
दाढीचा कापूस खरा नाही.
मी हात लावून पाहिला.

आमचा पहिला वेचा
आताशा कुठे घरात पडला आहे.

आज बोरखेडीच्या चर्चात उपकारस्तुती.
वही माझ्याकडे असते, बावीस वर्षं.
कोणी काय आणलं ते डावीकडे,
कोणी कितीला घेतलं ते उजवीकडे.
दोन्ही रकाने कधी जुळत नाहीत,
जुळव, असं पाळकसाहेबही म्हणत नाहीत.

सतरंजीवर
ज्वारीची कणसं, धांड्यासकट.
तुरीच्या ओल्या शेंगा, अंबाडीची बोंडं,
संत्र्यांची पाटी,
रिबकाच्या वेलावरचं कोहळं,
कोवळं असताना तिनं नखानं नाव कोरलेलं,
आता नावही कोहळ्याएवढंच रुंद.
पाय बांधलेली एक कोंबडी,
प्रार्थनेत मधूनच बोलणारी.
आणि पायलीभर सोयाबीन, पावसानं काळं पडलेलं.
पाळकसाहेबांनी तेही
दोन्ही हातांनी उचलून धरलं,
संत्र्यांइतकंच उंच.

सलोमीबाईंनी रुमालाची गाठ सोडली.
एक अंडं.

माझा भाचा आशेर, दर्यापूरचा दुकानदार,
उशिरा आला, खोकं घेऊन.
"मावशी, मंडळी जमलीच हाये,
पन्नासेक चांदण्या सहज खपतीन."
जागा नव्हती म्हणून त्यानं खोकं
कोहळ्याशेजारी टेकवलं.

सिलासकाका लिलाव पुकारतात,
जन्मभर कोर्टात नावं पुकारली त्याच गळ्यानं.
काळं सोयाबीन गेलं तीनशेला.
कोहळं रिबकाच्या बापानंच परत घेतलं.
मग त्यांच्या हाती आलं खोकं.
एक चांदणी वर काढली, उजेडात फिरवली,
आणि अगदी सरळ तोंडानं विचारलं,
"हे कोन्या वावरातलं पीक व्हय?"

मंडळी हसली. पाळकसाहेबही.
आशेरचे कान लाल.
मी वहीत मान घातली,
हसले नाही असं मात्र म्हणवत नाही.

अंड्याची बोली दहापासून.
पन्नासला नामदेव मास्तरांनी घेतलं,
पुन्हा सतरंजीवर ठेवलं.
ऐंशीला रिबकानं, पुन्हा ठेवलं.
दीडशेला पाळकीणबाईंनी, पुन्हा.
इतक्या हातांतून फिरून
अंडं गरम झालं असेल.
चौथ्यांदा मागून आवाज आला, "दोनशे."
आशेर.
त्यानं ते परत ठेवलं नाही.
का, ते मी विचारलं नाही.

सलोमीबाई त्याच्याजवळ सरकल्या.
"खाशीन का उबवशीन?"
त्याला काही सुचेना.
"उबवाचं असन तं कोंबडी बी घे, खुडूक हाये.
एकवीस दिस लागतात.
मंधात हात नोको लावू."

कोंबडीही मग त्याच्याच नावावर लागली.

दुपारी भात-आलनाचं जेवण झालं,
पत्रावळी उचलल्या, सतरंजी झटकली.
फटफटीच्या मागच्या सीटला
ते खोकं दोरीनं बांधलं.
आत कोंबडी, खाली चुरमुरता चमकीचा कागद,
अंडं शर्टाच्या खिशात.
एका हातानं खिसा सांभाळत
तो इतका हळू गेला
की नाल्याच्या पुलापर्यंत
पोरं त्याच्याबरोबर चालत होती.

चांदण्या माझ्याकडे राहिल्या.
"राहू दे मावशी, पुढच्या महिन्यात पाहू."

रात्री वही पुरी केली.
डावीकडे: अंडं एक, सलोमीबाई.
उजवीकडे: चार वेळा विकलं.
त्याखाली, जरा थांबून, लिहिलं:
चांदण्या पन्नास, आशेर.
उजवा रकाना कोरा ठेवला.
कणगीवर त्यांची चवड आहे, बिनदिव्याची.
धान्याची धूळ आत्ताच बसू लागली आहे.