लिंडनची फुलं

वॉर्डाच्या दारावर पाटी:
सर्दी-पडसं असेल त्यांनी आत येऊ नये.
गुनवाल्दिस शिंकला,
नर्सनं नुसतं बोट दाखवलं.

आता स्वयंपाकघरात तो,
बेचाळीस वर्षं बस चालवलेला माणूस,
फडताळातल्या बरण्यांपुढे
चुकीच्या थांब्यावर उतरल्यासारखा उभा.
बाहेर वाल्मिएरात साडेतीनलाच अंधारलंय.

बरण्यांवर स्काइद्रितेचं अक्षर:
पुदिना. जंगली गुलाबाची बोंडं.
एकीवर फक्त 'जुलै, गाउयाचा पूल'.
तो झाकण फिरवतो
आणि शिडी आठवते; वर ती, खाली धरून तो,
टकलावर पडणारा पिवळा पराग,
आणि त्याची कुरकुर,
"दुकानात मिळतं की हे, पुड्यांत!"

प्रतिकारशक्ती, म्हणाली होती औषधवाली.
केवढा जड शब्द
या वाळक्या फुलाला,
जे फुंकरीनंही उडून जाईल.

पाणी उकळून उकळून निम्मं झालं.
शेवटी त्यानं फोन लावला: "किती घालू?"
पलीकडे प्लास्टरमधला पाय, आणि हसू.
"मोजू नकोस. गॅस बंद कर आधी.
मग घाल. झाकण ठेव.
आणि सारखं उघडून बघू नकोस,
बस यायची तेव्हाच येते."

तो दोनदा उघडून बघतो.
चष्म्यावर वाफ, वाफेत तो पूल.

सवयीनं दोन कप काढतो,
एक परत ठेवतो,
पुन्हा काढतो.

दारापर्यंत तर जाऊ देतील.
थर्मॉस कुठे असतो या घरात?