मोजणी

मी शेवटी चालते.
पुढे लाडू गवस, हातात काठी,
मध्ये सहा माणसं, हातभर अंतर ठेवून,
आणि मागे मी. मोजायला.

निघण्याआधी पायांना तेल लावायला देते,
गोचिडीचं, आरोग्य केंद्रातून आणलेलं.
नाशिकच्या दातांच्या डॉक्टरीणबाई वास घेतात,
बाटली परत करतात.
मी पुन्हा पुढे करते.
वाडीतल्या त्या दोघांचं, माकडतापाचं
मी सांगत नाही.
‘लावा’ एवढंच म्हणते.

शेवटी चालणाऱ्याला जनावर दिसत नाही,
पाठी दिसतात.
एका पिशवीला अजून दुकानाची चिठ्ठी लोंबतेय.
एक मान वर, खाली, पुन्हा वर.
ऑडिटर आहोत म्हणणाऱ्या काकांच्या सदऱ्यावर
घामाचा नकाशा, दर चढणीला नवा तालुका.
लाडू थांबतो. रांग थांबते.
कुजबुज एकेका कानातून मागे सरकते,
चापडा… कारवीवर… हिरवा…
माझ्यापर्यंत येते तोवर
सापाचा नुसता शब्द उरलेला.
मग माणसं पुढे जातात, मी त्या जागी येते,
आणि तो असतोच तिथे.
चापडा कुठे जातोय.

ओढ्यापाशी सहा.
राईच्या तोंडाशी सहा, चपला-बूट बारा.
‘का काढायचे?’ काका विचारतात.
‘मालक भितुर आसा,’ लाडू म्हणतो,
आणि त्यानंतर बराच वेळ कुणी बोलत नाही.
आत रानजायफळं चिखलातून
मुळांचे गुडघे वर काढून बसलेली,
पंगत मांडलीय, वाढपी यायचाय अशी.
गार चिखल बोटांच्या मधून वर येतो.
डॉक्टरीणबाई हसतात, एकट्याच, स्वतःशी.

राईबाहेर, बूट घालून, उतरणीला
लाडू धनेशाचं सांगतो:
मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते,
चोचीएवढी फट ठेवते,
नर महिनोन्‌महिने चारा आणतो.
‘आज गावात काय?’
‘नशीब.’
बेहडा वाटेपासून वीस पावलांवर आहे.
लाडूला ठाऊक नाही. मला आहे.
आम्ही त्याला माडगरूड म्हणायचो,
गुरांमागे फिरताना मी ती फट पहिल्यांदा पाहिली.
तेव्हा समोरचा उतारही रानच होता.
मग मोजणीदार आले, साखळी पडली,
बापाने अंगठा दिला,
आता तिथे रबर, ओळीत,
प्रत्येकाच्या गळ्याला एकेक वाटी.
तिथे झाडं मोजणं सोपं आहे.

इरावान, नऊ वर्षांचा, माझ्या पुढचा,
बुटाची नाडी बांधायला वाकला.
पाच पाठी वळणाआड गेल्या.
आणि वरून तो आवाज आला,
कुणी मोठं सूप घेऊन हवा पाखडतंय तसा.
पोराने वर पाहिलं.
काळं-पांढरं काहीतरी बेहड्याला टेकलं,
मान मागे टाकून नरड्यातून एक फळ वर आणलं,
फटीत दिलं.
दुसरं.
तिसरं.
आतून चोचीचं टोक, तेवढंच.

मी ओठांवर बोट ठेवलं.
लाडू ठेवतो ते जनावर बुजू नये म्हणून.
माझं वेगळं होतं. पोराला कळलं असावं,
त्याने नाडी सोडली आणि पुन्हा बांधली,
अगदी सावकाश.

‘सगळे आसत?’ पुढून हाक आली.
‘आसत,’ मी म्हटलं.

गाडीपाशी यादीवर खुणा झाल्या.
चापडा, शेकरू, मोठी खार की तीच,
यावर काकांचा थोडा वाद.
धनेशापुढे आडवी रेघ.
पोराने ती पाहिली,
खिडकीला नाक लावलं,
काचेवर वाफेचा गोल धरला.

लाडूने माझ्या वाट्याच्या नोटा दिल्या.
चिखलाचे बूट एवढ्यात पांढरे पडू लागले होते.

रात्री आईने विचारलं, किती होती आज?
सहा, म्हटलं.
आणि तेल संपत आलंय.