फसुमती

मनामाच्या कोर्टातल्या कारकुनाकडे 'व' नव्हता.
त्यानं नाव विचारलं, मान डोलावली,
आणि 'फ' लावून मोकळा झाला.
शहाण्णव सालापासून माझ्या प्रत्येक अर्जावर
उजवीकडून डावीकडे लिहिलेलं आहे: फसुमती.

आईला फोनवर सांगितलं तर ती हसता हसता खोकली.
बरोबरच लिहिलंय की गं, म्हणाली,
चिपळूणची चालती वकिली टाकून गेलीस.

कोर्टात उभं राहायची मला परवानगी नव्हती.
उभा राहायचा काळ्या झग्यातला उस्ताद यूसुफ.
मी तिसऱ्या बाकावर, मांडीवर फाइल घेऊन,
माझी वाक्यं त्याच्या तोंडून अरबीत जाताना ऐकायची.
पूर्णविराम कुठे पडला तेवढं कळायचं.

मारिसेल आली तेव्हा मार्चमधली धूळ उडत होती.
हॉटेलच्या चादरींच्या खोलीत काम.
साहेब रोज चादरी मोजायला यायचा.
'मोजायला' हा तिचाच शब्द, मी तसाच ठेवला.
तारखा तिनं लिहून ठेवल्या होत्या
लॉन्ड्रीच्या गुलाबी पावत्यांच्या पाठीवर.
पुढच्या बाजूला रकाने:
डाग कसला, किती जुना.

त्या रात्री शब्द शोधत बसले.
आमच्याकडचा 'छेडछाड'. सतार आहे का ती?
आणि पुस्तकातला 'विनयभंग'.
कलम पाठ होतं, थांबून कधी पाहिलं नव्हतं:
भंगतो तो विनय तिचा.
त्याच्याकडे मुळात होता का,
कुणी विचारत नाही.

शेवटी लिहिलं, त्यानं दार आतून लावलं.
हे वाक्य मला आयतं आलं.
चिपळूणच्या सिनियरच्या चेंबरला पितळी कडी होती.
आई गेली तोवर
हे तिला सांगायचं राहिलं होतं.

अनुवादक म्हातारा अबू हसन.
त्या एका पानाचे पैसे त्यानं लावले नाहीत.
बाकीच्या अकरा पानांचे लावले.

एका बुधवारी मारिसेलनं तक्रार मागे घेतली.
एका हातात पासपोर्ट ठेवला होता त्यांनी तिच्या,
दुसऱ्या हातात तिकीट,
सही करायला तिसरा हात कुठून आणला कोण जाणे.
विमानतळावरून मेसेज: सॉरी, अटर्नी.
चौदा वर्षं झाली,
मी उत्तर लिहिते आहे.

आणि हमदुले. मुस्तफा हमदुले, दाभोळचा,
गोदीतला स्टोअरकीपर.
टाकीत उतरण्याआधी गॅस मोजायचं यंत्र
रमजानपासून बंद होतं, रजिस्टरात रोज 'ठीक'.
दोघं उतरले, एक वर आला.
हमदुलेनं डब्याच्या झाकणाआडून पानांचे फोटो काढले,
फोटोत कडेला अर्धी चपातीही आली आहे.
ती कापू नका, म्हटलं मी, पुरावा आहे तसा जाऊ दे.

कंपनीचा वकील त्याला चहाडखोर म्हणाला,
निदान यूसुफनं तसं भाषांतर केलं.
मी बाहेर येऊन म्हटलं, हमदुले,
आपल्या गावात याला जागल्या म्हणत.
तो म्हणाला, बाई, जागल्याला बलुतं मिळायचं.

ती केस जिंकलो.
पाच महिन्यांचा पगार आणि परतीचं भाडं.
आता दाभोळात जाळी विकतो,
ईदला फोन करतो.
निकालाची रक्कम त्याला आठवत नाही,
यंत्राचा नंबर आठवतो.
दर वर्षी सांगतो, मी दर वर्षी लिहून घेते,
चार चार सात एक.

गेल्या आठवड्यात गुदैबियाचं ऑफिस आवरलं.
खिडकीवरच्या नव्या पोरीनं
फ वर तीन टिंबं देऊन दाखवली:
हे बघा, आता 'व' लिहिता येतो.
बदलू का नाव?

राहू दे, म्हटलं.
जुन्या फायली सापडायच्या नाहीत.