कळण

बेटावदला वीज दुपारी दोनला जायची,
यायची कधी, ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं.
तोवर पोत्यावर बसून गणितं सोडवायची
हा वडिलांचा नियम. गिरणी बंद, पोरगी चालू.

हिलाल गुरुजींनी दिलेलं गणित:
दोन भाऊ, छप्पन्न बोरं, वाटणी तीनास चार.
मी छप्पन्नाला तीननं भागलं. अठरा, वर दोन उरली.
मग चारनं भागलं. चौदा.
चार वाट्यांच्या थोरल्याला कमी, धाकट्याला जास्त,
आणि चोवीस बोरं गडप.
खोडरबरानं कागदाला भोक पडलं.

तेवढ्यात केवळबाई आली, दोन पिशव्या घेऊन.
रविवारी नातवाचं जाऊळ.
"कळण दळनं शे पोरी. पस्तीस किलो.
चार वाटा जवारी, एक वाटा उडीद.
कितलं कितलं, सांग बरं."

मी पेन्सिल चावली.
पस्तीस भागिले चार करायला लागले तशी
तिनं कनवटीतून चिंचोके काढून
फरशीवर मांडले. चार इकडे. एक जरा लांब.
"ढीग कितला?"
पाच.
"मंग पस्तीस पाच ढीगमा घाल नं."

सात.
उडीद सात, ज्वारी अठ्ठावीस.
तिनं पिशव्या काट्यावर ठेवल्या:
अठ्ठावीस. सात.
घरूनच मापून आणलं होतं म्हातारीनं.

"आणि मीठ किती वाटे?" मी विचारलं, हुशारीनं.
"मीठले काय वाटा," ती म्हणाली,
आणि चिंचोके परत कनवटीला खोचले.

मग बोरं. तीन आणि चार सात, एका वाट्याला आठ.
चोवीस धाकट्याची, बत्तीस थोरल्याची.
गडप झालेली चोवीस
नेमकी तेवढीच, जेवढी धाकट्याला मिळायची होती.

वीज आली साडेपाचला.
पट्टा थरथरला, जातं बोलायला लागलं,
वडील घमेल्यानं दाणे सोडत गेले,
केवळबाई मधूनच खड्याचं मीठ, अंदाजानं.
पीठ भरलं: चौतीस किलो आठशे.

"बाकीनं कोठे गयं?"
मीठ तर वरून पडलं होतं, तरी कमी!
वडिलांनी काही म्हटलं नाही.
नुसती मान पुढं केली, दिव्याखाली,
आणि डोळे मिटून दाखवले.
ती हसली. पैसे मात्र दहा कमीच दिले.

रात्री मला झोप येईना.
दोनशे ग्रॅम. मीठ धरायचं नाही, त्याला वाटा नाही.
पाच ढीग, एकेक चाळीसचा.
म्हणजे एकशे साठ ज्वारी, चाळीस उडीद
पट्ट्यावर, कोळिष्टकांवर, कॅलेंडरवर.

शेजारी वडील घोरत होते, अंघोळ न करताच.
मी कंदील जवळ नेऊन पाहिलं.
पापण्यांवर सुद्धा
चारास एक.